जुना जोड दाखवा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सगळे टरकून असत अशी माणसं दोनच. एक फॅक्टरी इन्स्पेक्टर, जो कधीमधी यायचा. दुसरे स्टोअरचे तात्या, जे रोज यायचे आणि पहिल्या शिफ्टचा भोंगा वाजायच्या आधी यायचे.

स्टोअरला जाळीची खिडकी होती. जाळीत खाली हात जाण्यापुरती फट आणि वर तात्यांच्या हातची पाटी : ‘जुना जोड दाखवल्याशिवाय नवा जोड मिळणार नाही. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. त्याखाली कोणा रसिकाने पेन्सिलीने ‘हा नियम लग्नालाही लागू आहे का?’ असं विचारून ठेवलं होतं. तात्यांनी ते पुसलं नाही. “अक्षर बरं हाय,” म्हणाले.

नट-बोल्टपासून कॉटन वेस्टपर्यंत बाकी सगळं तात्या निमूटपणे द्यायचे. स्लिप आली, सही पाहिली, माल बाहेर. हँडग्लोजची स्लिप आली की मात्र कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा.

“हँडग्लोज पायजेत, तात्या.”

“कशाला?”

“हाताला.”

“हाताला तर सगळंच घालत्यात. हात कशाला लावणार हाईस, ते सांग.”

मग उलटतपासणी. शीट धरणार? बर काढलेली की तशीच? कोरडी का तेलकट? जॉब गरम आहे? किती गरम? किती वेळ धरणार? मागे उभा असलेला गडी तोवर आपली उत्तरं पाठ करत असायचा. एकदा एकाने कंटाळून “सगळ्यालाच चालतील असे द्या,” असं म्हटलं. तात्यांनी त्याला शेवटी उभं केलं. सगळ्याला चालतो तो हँडग्लोज अजून जन्माला आलेला नाही, आणि आला तर तो कशालाच चालणार नाही, हे त्यांचं मत रांगेतल्या प्रत्येकाने ऐकून घेतलं, मगच त्या गड्याला जोड मिळाला.

नव्या अप्रेंटिसांचा असा पक्का समज असायचा की, तात्यांचं एखादं बोट कधीतरी मशीनमध्ये गेलं असणार. त्याशिवाय माणूस असा होत नाही. पोरं चोरून त्यांचे हात निरखायची. दहाही बोटं शाबूत. तात्या मुळात मशीनवर कधी उभेच राहिले नव्हते. सातारकडचे, बी.कॉम. होऊन थेट स्टोअरला चिकटलेले. आणि स्वतः त्यांनी आयुष्यात हँडग्लोज घातला नाही. रजिस्टरची पानं उलटत नाहीत म्हणे.

जुना जोड मागण्यामागे काटकसर होती, हे खरं. मी परचेसला असल्यामुळे तिचा फायदाही मला मिळायचा. पण तात्यांची खरी गोडी वेगळी होती. ज्योतिषी हात बघतो, तसे ते हँडग्लोज बघायचे. आधी तळवा, मग बोटं, मग उलटा करून आतली बाजू. भोकात करंगळी घालून बघायचे. वास घ्यायचे. आणि मग समोरच्याचं भूत, वर्तमान आणि भविष्य सांगायचे.

“उजव्या हाताची तर्जनीच तेवढी फाटलीया. चिप बोटानं वढतूस तू. वढायला हूक दिलाय, तो कुटं हाय?”

पोरगा गप्प. हुकाला त्याचा डबा टांगलेला असायचा.

हीट ट्रीटमेंटच्या एका जुन्या गड्याने एकदा वेल्डिंगचे चामडी हँडग्लोज परत आणले. तळवा आक्रसून कडक झालेला, बोटं मिटेनात. तात्यांनी ते काउंटरवर आपटले तर लाकडासारखा आवाज आला. “हे ठिणग्या सोसायला हाय, जॉब धरायला न्हाई. चिमटा ठेवून हात घातलास भट्टीत.” गडी म्हणाला, “एक सेकंद धरला.” तात्यांनी आतला अस्तराचा कपडा चिमटीत धरला. “आन् घालायच्या आधी पाण्यात बुडवलास. गार राहतंय म्हणून. आरं, वलं झालं की आत वाफ हुती. भाजतं ते वाफेनं.” गड्याने मुकाट्याने मनगट दाखवलं, तिथे फोड होता. तात्या लगेच विरघळले असं मात्र नाही. आधी प्रथमोपचाराच्या पेटीची स्लिप भरून घेतली, मग मलम दिलं.

गरम कामाचे ग्लोज देताना त्यांचा एक ठरलेला सवाल असे : “पंधरा सेकंदांत उरकतंय का?” उष्णतेच्या युरोपियन टेस्टमध्ये पहिली लेव्हल म्हणजे शंभर अंशाची वस्तू निदान पंधरा सेकंद धरता येणं. दुसरीला अडीचशे अंश, तिसरीला साडेतीनशे, चौथीला पाचशे; सेकंद तेवढेच. हे तात्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. पंधरा सेकंदांत उरकत नसेल तर ग्लोज बदलून उपयोग नाही, काम बदला, असा त्यांचा निकाल.

प्रेस शॉपचं गणित आणखी निराळं. तिथे शीट डाव्या हाताने धरायची आणि उजव्याने सरकवायची, म्हणून डावा ग्लोज आधी फाटतो. जोड परत येतो तेव्हा डाव्याची चाळण झालेली आणि उजवा जवळपास कोरा. हे उजवे कोरे फेकून देणं तात्यांच्या जिवावर यायचं. निटेडचे साधे ग्लोज कुठल्याही हातात जातात, त्यांची सोय लागायची. पण तळव्याला रबर किंवा पीयूचं कोटिंग असलेले उजवे डाव्यात घातले तर कोटिंग हाताच्या पाठीवर येतं. असे अनाथ उजवे तात्यांनी एका गोणीत साठवले होते. गोणी भरली तसे ते अस्वस्थ व्हायला लागले.

अशात प्रेस शॉपला एक डावखुरा पोरगा लागला. त्याचा उजवा आधी फाटायचा. तात्यांनी त्याचा जुना जोड पहिल्यांदा हातात घेऊन पाहिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत उमटलेलं पाहिलं नाही. तो पोरगा सुट्टीवर गेला की तात्या कासावीस व्हायचे. पुढे त्यांनी पर्सोनेलला रीतसर अर्ज केला, की प्रेस शॉपच्या पुढच्या भरतीत ‘निम्मे उमेदवार डावखुरे असावेत, म्हणजे हँडग्लोजच्या खर्चात समतोल राहील’. अर्जावर साहेबांनी फक्त एक प्रश्नचिन्ह काढून तो परत पाठवला. तात्यांनी तो फाइलला लावला. विषय : प्रलंबित.

गोणीतले बाकीचे उजवे शेवटी कंत्राटी हेल्परांकडे गेले. कंत्राटी माणसांना ग्लोज ठेकेदाराने द्यायचे, कंपनीने नाही, असा कागदावरचा नियम. ठेकेदार देत नसे, हाही नियमच. तात्या नियमाबाहेर एक सूतसुद्धा जायचे नाहीत. पण ‘कंडेम’ शिक्का मारलेला माल भंगारात टाकायचा की कोणाला द्यायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलं नाही तिथे तात्या उदार व्हायचे. त्यामुळे आमच्याकडचे हेल्पर बरेच दिवस दोन उजवे हात घेऊन वावरत.

आणि ज्याला काहीच मिळायचं नाही, तो ड्रिलिंग मशीनवाला.

“तात्या, चिप लागतात हाताला. हँडग्लोज द्या.”

“न्हाई.”

“दुसऱ्याला देता.”

“दुसरा फिरत्या चकाजवळ हात नेत न्हाई.”

यावरून युनियनचा पुढारी एकदा खिडकीवर आला. कामगारांच्या सुरक्षेत कंपनी कुचराई करते, अशी त्याची तक्रार. तात्यांनी आतून 1948च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं जीर्ण पुस्तक काढलं आणि कलम 22 वर बोट ठेवलं. चालू यंत्राजवळच्या कामाला अंगाला घट्ट बसणारे कपडे, असं तिथे आहे. ग्लोजचा शब्द नाही, पण तात्यांनी त्याचा अर्थ बोटांपर्यंत ओढला होता. “शर्टाची बाही चालत न्हाई, तर ग्लोजचं सैल बोट कसं चालंल? ड्रिल ग्लोज पकडतं, ग्लोज हात पकडतो. नुसत्या बोटाला खरचटतं. ग्लोजमधलं बोट आत जातं.” पुढारी गेला. जाताना ड्रिलवाल्याला ब्रश मिळाला, चिप झाडायला. त्याची नोंद मात्र रंगाच्या ब्रशांत झाली, कारण रजिस्टरमध्ये दुसरा रकाना नव्हता.

सेल्समन लोकांची तर तात्यांनी दैना केली होती. चकचकीत कॅटलॉग घेऊन, टाय बांधून पोरं यायची. “काका, हा लेव्हल फाइव्ह कट रेझिस्टन्स.” तात्या ग्लोजच्या मागच्या बाजूचं हातोड्याचं चित्र शोधायचे. त्या चित्राखाली युरोपियन टेस्टचे आकडे छापलेले असतात : पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा, आणि त्यापुढे एखादं इंग्रजी अक्षर. एकाच्या ग्लोजवर होतं ‘4X43C’.

“ह्यो एक्स म्हणजे काय रं?”

“एक्स म्हणजे एक्स्ट्रा, काका.”

तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की एक्स म्हणजे त्या परीक्षेला हा ग्लोज बसलेलाच नाही. जुन्या टेस्टमध्ये गोल पातं मागेपुढे फिरवतात. धाग्यात स्टील किंवा काचतंतू असला की पातंच बोथट होतं आणि ग्लोजला फुकटचे मार्क मिळतात. म्हणून 2016 पासून कापण्याची दुसरी परीक्षा आली, तिचा निकाल ए ते एफ अक्षरांत. सी म्हणजे निदान दहा न्यूटन जोर सोसला. “तुझा सी हाय. सी बरा हाय. पण तो लेव्हल फाइव्ह कुठनं आणलास?” पोरगा कॅटलॉग चाळू लागला. “आन् चौथा आकडा तीन बघून दवाखान्यात सुईसाठी इकू नकोस. त्या टेस्टचा खिळा बोथट असतो. इंजेक्शनची सुई त्याला इचारत न्हाई.” पोराने टाय सैल केला. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि दोन सॅम्पल जोड ठेवून घेतले, रजिस्टरला नोंद करून : ‘विनामूल्य, एक्ससहित.’

पेंट शॉप आणि प्लेटिंग ही दोन खाती त्यांच्या मते जास्त घातकी, कारण तिथला शत्रू भोक पाडत नाही. निळे नायट्राइलचे ग्लोज आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. तेलाला, ग्रीसला नायट्राइल उत्तम. साधं रबर तेलात फुगतं. पण थिनरमधलं अॅसिटोन नायट्राइलमधून काही मिनिटांत पलीकडे जातं, आणि ग्लोज बाहेरून तसाच छान दिसत राहतो. अॅसिटोनला ब्युटाइल रबर लागतं. गंधकाच्या आम्लाला वेगळं, कॉस्टिकला वेगळं. फ्लास्कच्या चित्राखालची अक्षरं तात्यांना तोंडपाठ : बी म्हणजे अॅसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, के म्हणजे चाळीस टक्के कॉस्टिक, एल म्हणजे शहाण्णव टक्के सल्फ्युरिक. पेंट शॉपचा सुपरवायझर समोरून गेला तरी तात्या मनातल्या मनात “बी, एफ” पुटपुटत.

टोल्युइनसाठी म्हणून मोठ्या मिनतवारीने आम्ही पीव्हीएचे ग्लोज मागवले. किंमत पाहून माझ्या साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. तात्यांनी ते स्वतः पेंट शॉपला नेऊन दिले आणि सगळ्यांना बजावलं, सांभाळून वापरा, सोन्याच्या भावाचे आहेत. एक नवा पोरगा ते फारच मनावर घेणारा निघाला. शिफ्ट सुटल्यावर त्याने ते साबणाने स्वच्छ धुतले. पीव्हीएची गंमत अशी की ते सॉल्व्हंटला दाद देत नाही आणि पाण्यात विरघळतं. दुसऱ्या दिवशी दोरीवर बुळबुळीत काहीतरी लोंबत होतं. पोरगा जुना जोड दाखवायला आला. हा एकच प्रसंग, जेव्हा तात्यांना जुन्या जोडात वाचण्यासारखं काही सापडलं नाही.

त्याला ते रागावले नाहीत. धुवायला कोणी सांगितलं असं विचारलं नाही, धुवू नको असं आपणच सांगितलं नव्हतं हे रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं. मग त्याला बाकावर बसवून त्यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंची गोष्ट सांगितली. ती ते प्रत्येक नव्या पोराला सांगत. कॅरेन वेटरहान, डार्टमथ कॉलेजातल्या रसायनशास्त्रज्ञ. 1996च्या ऑगस्टमध्ये प्रयोग करताना पाऱ्याच्या एका संयुगाचे थेंब त्यांच्या ग्लोजवर पडले. लॅटेक्सचे ग्लोज, सगळे घालतात तसे. काही महिन्यांनी तोल जायला लागला, बोलणं अडखळलं. 1997च्या जूनमध्ये त्या गेल्या. नंतर तपासलं तर ते संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होत होतं. “भोक न्हाई, फाटला न्हाई,” तात्या म्हणायचे, “आन् बाई शिकलेली हुती, तू न्हाईस.” पोरं मान डोलवायची. पुढचे काही दिवस पेंट शॉपमध्ये कोणी उघड्या हाताने कपबशीसुद्धा धरत नसे.

इलेक्ट्रिशियनचे रबरी ग्लोज वेगळ्या कपाटात, घडी न घालता, टाल्कम लावून. लाल लेबल म्हणजे हजार व्होल्टपर्यंत. ते देण्याआधी तात्या मनगटाकडून गुंडाळी करून आत हवा कोंडायचे, ग्लोज टम्म फुगवायचे आणि गालाजवळ धरून डोळे मिटायचे, कुठून बारीक वारा लागतो का बघायला. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, तात्या देवाचं नाव घेतायत. वरून चामड्याचे ग्लोज घातल्याशिवाय ते सोडत नसत. नुसतं चामडं घालून पॅनेलला हात लावणाऱ्या एकाशी ते वर्षभर बोलले नाहीत.

4 मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन हा तात्यांच्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. त्या दिवशी पोस्टर लागायची, घोषणांची स्पर्धा व्हायची आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एका कामगाराला हँडग्लोज घातले जायचे, फोटोसाठी. एका वर्षी पोस्टरवर हसतमुख कामगार होता, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही हातांत ग्लोज, आणि समोर चालू ड्रिलिंग मशीन. तात्यांनी रात्री थांबून त्या सगळ्या पोस्टरांवरचे ग्लोज काळ्या स्केचपेनने गिरबटून टाकले. सकाळी त्या कामगाराचे हात कोळशाचे दिसत होते. पहिलं बक्षीस त्याच पोस्टरला मिळालं.

मग नवे प्लँट हेड आले. त्यांना सगळ्याच गोष्टी कमी करायच्या होत्या. स्टोअरमध्ये ग्लोजचे चौदा प्रकार पाहून ते म्हणाले, तीनांत भागवा. मीटिंगला तात्यांना बोलावलं. ते टोपलीत चौदा जोड घेऊन आले आणि कॉन्फरन्स टेबलावर रांगेत मांडले, प्रत्येकाशेजारी त्याचा जुना, फाटलेला भाऊ. कटसाठी निटेड, वेल्डिंगचे क्रोम लेदर, टिगसाठी पातळ बकरीचं चामडं, भट्टीचे, ब्युटाइल, लाल लेबलवाले, फोर्कलिफ्टच्या बॅटरीच्या अॅसिडचे, झाडूवाल्या मावशींचे. साहेबांच्या कॉफीच्या कपाला ब्युटाइल टेकला होता.

“साहेब, तीन तुम्हीच काढा,” तात्या म्हणाले. “उरलेल्या अकरा खात्यांना हात खिशात घालून काम करा म्हणून सांगतो.”

साहेबांनी बराच वेळ टेबलाकडे पाहिलं. शेवटी एक तरी कमी करा, म्हणाले. तात्यांनी आपणहून ठिपकेवाला सुती जोड उचलला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारा. तेल पितो आणि दिवसभर हात तेलात भिजवून ठेवतो, त्यापेक्षा नसलेला बरा, असं म्हणून तो त्यांनी टोपलीत टाकला. साहेब खूश झाले. महिनाअखेरीस हँडग्लोजचं बिल वाढलेलं आलं, आणि ते खाली कसं आणायचं हे मला विचारण्यात आलं.

घरीही हेच. मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा तात्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि तो बराच वेळ सोडला नाही. स्वयंपाकघरात येऊन काकूंना म्हणाले, “आठ आन् नऊच्या मधी हाय. कंपनी मधला नंबर काढत न्हाई.” काकूंनी लग्न जमवलं. लग्नात मुहूर्ताला वेळ होता, तर व्याह्यांना त्यांनी ऑपरेशनमधले रबरी ग्लोज कसे आले ते सांगितलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हाल्स्टेड नावाचे सर्जन होते. त्यांच्या नर्सबाईंच्या हातांना जंतुनाशकातल्या पाऱ्याने पुरळ यायचं, म्हणून हाल्स्टेडनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी ग्लोज करवून घेतले, 1890च्या सुमारास. आणि त्याच वर्षी त्या बाईंशी लग्न केलं. व्याही म्हणाले, “म्हणजे प्रेमविवाह?” तात्या म्हणाले, “न्हाई, मापं घेतली हुती.”

वेंगुर्ल्याला सहलीला गेले, तर समुद्र सोडून काजूच्या कारखान्याच्या दारात उभे. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, आणि बायका हाताला राख नाहीतर तेल चोळून काजू फोडत होत्या. काकू म्हणतात, परतीच्या एसटीत पूर्ण अबोला होता.

रिटायर झाल्यावर तात्यांना करमणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण आता ते आमच्या भागातल्या घंटागाडीच्या मागे असतात. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना दवाखान्यात तपासणीवेळी वापरतात तसले पातळ पांढरे ग्लोज मिळाले होते. काच आणि ब्लेड त्यातून सरळ आत. तात्यांनी मुकादमाला गाठलं, मग मुकादमाच्या साहेबाला, मग कोणाकोणाला. अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, आकडे समजावले. अखेर नीट, कोटिंगवाले ग्लोज आले. सगळे दहा नंबरचे, पुरुषी पंज्याचे. बायकांनी दोन दिवस घातले आणि गाडीच्या आरशाला टांगले.

परवा सकाळी मी दूध आणायला निघालो, तर सोसायटीच्या गेटसमोर घंटागाडी उभी. भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं चालू, आणि तात्या शिंप्याची टेप घेऊन एकेकीच्या पंज्याभोवती, अंगठा वगळून, बोटांच्या सांध्यांवरून माप घेतायत. इंचात. खिशातल्या डायरीत नाव, पुढे आकडा. तिसऱ्या बाईने हात पुढे केला आणि मागच्यांकडे बघून खो खो हसत म्हणाली, “काका, बांगड्या भरताय काय?”

“सात,” तात्या म्हणाले. “मूठ वळू नगंस. पुढं कोण?”